स्मृतिप्रीत्यर्थ

पावतीपुस्तक छापायला टाकले तेव्हा पहिला वाद झाला तो पैशांवरून नव्हे, ऱ्हस्व-दीर्घावरून. छापखान्यातल्या मुलाने संगणकावर ‘स्मृतीप्रित्यर्थ’ असे टंकले होते. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात बरीच वर्षे मराठी शिकवणारे सहकारी, त्याच्या खांद्यावरून वाकून आम्ही एकाच वेळी म्हणालो, “स्मृति ऱ्हस्व, प्रीत्यर्थ दीर्घ.” त्याने निमूटपणे दुरुस्ती केली. मग आमच्याकडे न पाहताच विचारले, “सर, ह्यानं देणगी जास्त येती का?”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे पुढचे अडीच महिने गेले.

प्रसंग असा होता. भीमेच्या खोऱ्यात, खेड तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत २०२३च्या चैत्रात बैलगाडा शर्यत व्हायची होती. त्या शर्यतीतले एक बक्षीस, रुपये ५१,०००, आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले दिवंगत परिचर ‘मामा’ यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ द्यावे, अशी कल्पना आम्ही यात्रा कमिटीपुढे मांडली. कमिटीने ती तत्काळ मान्य केली आणि तितक्याच तत्काळ सांगितले की नाव तुमचे तर रक्कमही तुमचीच. आयुष्यभर अनुदान, वेतनश्रेणी आणि फरकाची थकबाकी यांपलीकडे पैशाविषयी न बोललेल्या आम्हां दोघांना त्या दिवशी प्रथमच दारोदार हात पसरण्याचे काम मिळाले.

मामांविषयी आधी सांगायला हवे. सोमवार ते शनिवार ते ग्रंथालयात पुस्तके लावत, धूळ झटकत, बांधणी सुटलेल्या पुस्तकांना खळ लावत. रविवारी आणि यात्रांच्या दिवसांत ते घाटात असत. इकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. चढत जाणारी, दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती असलेली शर्यतीची धाव म्हणजे घाट. आणि त्या धावेवरून बैलांची एकेक पळण्याची पाळी म्हणजे बारी. बारी दहा-बारा सेकंदांत संपते. दोन बाऱ्यांमधला वेळ मात्र लांबतो. बैल आणायचे, जुंपायचे, बिथरलेल्याला थोपटायचे, पुढे धावणारी घोडी नीट उभी करायची. हा रिकामा वेळ ध्वनिक्षेपकावरून भरून काढणारा माणूस म्हणजे निवेदक, आणि आमचे मामा हे त्या पट्ट्यातले नावाजलेले निवेदक होते.

ते काय बोलत याची नोंद आमच्याकडे नाही, ही या लेखामागची खरी टोचणी आहे. बैलाची खोंड असल्यापासूनची कहाणी ते सांगत. तो कोणत्या बाजारातून आला, त्याच्या आधी त्याच दावणीला कोण होता, मागच्या वर्षी त्याने कोणाला किती सेकंदांनी मागे टाकले, हे सारे यमकात आणि तोंडपाठ. गावाच्या नावावरून कोटी, मालकाच्या स्वभावावरून चिमटा, हरलेल्याला दोन शब्द सांत्वनाचे. दुपारी ग्रंथालयात सामसूम असताना ते शब्दकोश उघडून बसत. एकदा त्यांनी ‘निमिषार्ध’चा अर्थ विचारला, पुढच्याच रविवारी तो शब्द घाटात घुमला. “मामा, अकरा सेकंद म्हणजे निमिषार्ध नव्हे,” असे आम्ही सोमवारी शिक्षकी थाटात सांगितले, तर म्हणाले, “सर, बैलाच्या मालकाला इचारा एकदा.”

लोकवाङ्मयाचा पेपर आम्ही वर्षानुवर्षे शिकवत होतो. मौखिक परंपरा, सादरीकरण, श्रोतृवर्गाचा सहभाग असे सगळे मुद्दे फळ्यावर लिहून देत होतो. जो माणूस हे सारे दर रविवारी करत होता, तो वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून घंटेची वाट पाहत होता. आम्हांला त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करावा असे वाटले नाही. वाटले तेव्हा घाट बंद पडले होते.

जुलै २०११मध्ये केंद्र सरकारने प्रदर्शनास आणि खेळांना मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, नियमही केले. पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. मामा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. आठ महिन्यांचे अंतर. सात वर्षे अबोल राहिलेला निवेदक गेला, आणि मग ध्वनिक्षेपक पुन्हा सुरू झाले. त्यांच्या अंत्यविधीला माणसे किती होती हे सांगायला नको. तो काळ सर्वांना आठवतो. ज्याने हजारोंच्या जमावात दुसऱ्यांची नावे पुकारली, त्याचे नाव घ्यायला त्या दिवशी चार माणसेही नव्हती. बक्षिसाची कल्पना तिथून आली.

आता देणग्यांची हकिकत.

आम्ही प्रथम गेलो ते रीतसर ठिकाणी. बियाणांची दुकाने, पशुखाद्याचे विक्रेते, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार, एक पतसंस्था, दोन मंगल कार्यालये. विनंतीपत्र आम्ही अत्यंत काळजीपूर्वक लिहिले होते. पहिल्या परिच्छेदात बैलगाड्याची परंपरा, दुसऱ्यात मामांचे कार्य, तिसऱ्यात आवाहन. पशुखाद्याच्या दुकानदाराने ते पत्र उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, “माझं नाव किती येळा घेणार?” आम्ही निरुत्तर झालो. “आन् फ्लेक्स कुठं लागणार? निशाणापाशी का जुंपणीपाशी?” आम्हांला हेही ठाऊक नव्हते. त्याने हसून २,१०० रुपये दिले आणि वर एक शहाणपण सांगितले, “सर, मागायला जाताना काय देनार ते आधी ठरवून जावं.”

हे वाक्य आम्हांला आधी बाजारू वाटले. नंतर ध्यानात आले की मामांचे सगळे निवेदन या देवघेवीवर उभे होते. बारीच्या मधल्या वेळेत कोणी ५१, कोणी १०१ रुपये हातात देई आणि त्याचे नाव, गाव, कधी मुलाच्या दहावीच्या निकालासह, घाटभर पुकारले जाई.

काही नकारही मिळाले. “निकाल राखून ठेवलाय, उद्या पुन्हा बंदी आली तर?” असे एका व्यवस्थापकाने विचारले, आणि त्यात तथ्य होते. घटनापीठासमोरची सुनावणी ८ डिसेंबर २०२२ रोजी संपली होती आणि निकाल यायचा होता. शर्यत भरवणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, ५०,००० रुपयांची अनामत, बैलांच्या तंदुरुस्तीचा पशुवैद्यकाचा दाखला, १,००० मीटरच्या आत धाव अशा अटी होत्या.

सर्वांत अडचणीचा नकार मात्र आमच्याच वर्गातून आला. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी, घरी दोन बैल असलेली, म्हणाली, “मामांसाठी देईन, शर्यतीसाठी नाही.” लहानपणी जुंपणीपाशी तिने पाहिलेले होते: शेपटी पिरगाळणे, टोचणे, बैलाच्या डोळ्यांतले पांढरे. “मामा माइकवरून ओरडायचे, मारू नका म्हणून. पण मारायचेच.” तिने शंभर रुपये दिले आणि ते सावली, पाणी आणि जनावरांच्या डॉक्टरांवर खर्च करा म्हणून बजावले. आम्ही त्या रात्री विनंतीपत्र पुन्हा लिहिले. परंपरेचा परिच्छेद काढला. पावतीच्या मागील बाजूस छापून घेतले की काठी, चाबूक वा टोचणी वापरणाऱ्या गाड्यास हे बक्षीस मिळणार नाही. कमिटीने कुरकुर केली, पण मान्य केले. एवढ्याने प्रश्न सुटला असे आम्ही मानत नाही. १८ मे २०२३च्या निकालाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. तो प्रश्न कायद्याचा होता. बैलाला काय वाटते हा प्रश्न त्या मुलीने विचारला होता, आणि तो आमच्या खिशात शंभराच्या नोटेसारखा राहिला.

महिन्याभरात साडेसोळा हजार जमले आणि चाक रुतले. तेव्हाच जमिनीचे प्लॉट पाडून विकणारे एक गृहस्थ आपण होऊन भेटायला आले. पूर्ण ५१,००० त्यांनी एकट्याने द्यायची तयारी दाखवली. अट एकच. फलकावर त्यांचे छायाचित्र, त्यांच्या व्यवसायाचे नाव, आणि खाली ‘मामांच्या स्मृतिप्रीत्यर्थ’. किती खाली, हे त्यांनी बोटांच्या चिमटीने दाखवले.

त्या संध्याकाळी आम्हां दोघांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे, घ्यावेत. मामांनी स्वतः अशी शेकडो नावे पुकारली, त्यांना यात काही वावगे वाटले नसते. दुसऱ्याचे म्हणणे, मग हे स्मारक कोणाचे? दोन्ही बाजूंना उदाहरणे सापडत होती, आणि ती आमच्याच विषयात. श्रवणबेळगोळ्याच्या ज्या लेखाला दीर्घकाळ मराठीतले आद्य वाक्य मानले गेले, ते काय आहे? चावुंडराजाने हे करवले, गंगराजाने सुत्तालय करवले. म्हणजे प्रायोजकाची पाटीच! पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही ‘करवियले’ हे प्रयोजक रूप म्हणून शिकवतो. ज्यांनी प्रत्यक्ष छिन्नी चालवली त्यांचे नाव त्या वाक्यात नाही, हे मात्र सांगायचे राहून जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, खांबांवर दूरदूरच्या दात्यांची नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा फ्लेक्स तो. आज आपण तिथे नतमस्तक होतो आणि आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर नाक मुरडतो, याला केवळ काळाचे अंतर कारणीभूत आहे काय?

मग आम्ही पुन्हा त्या शब्दाकडे वळलो, ज्याच्या ऱ्हस्व-दीर्घावरून सुरुवात झाली होती. ‘प्रीत्यर्थ’ हा शब्द संकल्पातला. संकल्पातही देणारा आधी आपले नाव, गोत्र, स्थळ आणि काळ उच्चारतो. दात्याचे नाव तिथे निषिद्ध नाही. पण दान सोडताना तो ‘न मम’ म्हणतो. नाव घ्यायचे आणि मग हात मोकळा करायचा. प्लॉटवाल्या गृहस्थांच्या अटीत पहिला अर्धा भाग होता, दुसरा नव्हता. खरे सांगायचे तर हा युक्तिवाद आम्हांला सुचला तो निर्णयाच्या नंतर. निर्णय झाला मामींमुळे.

मामींना विचारावे म्हणून आम्ही घरी गेलो. त्या म्हणाल्या, “तुमी जे कराल ते बराबर. पर एक सांगते, ह्यांनी पैशे घेऊन नावं घेतली तशी बिनपैशाची बी घेतली.” आतून त्यांनी एक वही आणली. ग्रंथालयाच्या बाद झालेल्या नोंदवहीचे मागचे कोरे कागद. त्यात वर्षवार गावे, बैलांची नावे, मालकांची नावे, आणि देणाऱ्यांच्या रकमा. काही नावांपुढे रकमेच्या जागी नुसती फुली. ती कशाची म्हणून विचारले तर मामी म्हणाल्या, “त्यांच्याकडं नसायचे. पर नाव आईकायला तेबी आलेले असायचे ना.”

फुलीची नावे आम्ही मोजली. एकशे बारा. सालकरी गडी, बैल विकावा लागलेले मालक, नारळाच्या गाडीवाले, एक चहावाली, घोडीमागे धावणारी पोरे. दोन रविवार आम्ही ती वही घेऊन हिंडलो. कित्येक माणसे आता नव्हती, कित्येक चाकणच्या कारखान्यांत पाळीवर होती. जी भेटली त्यांना आम्ही विनंतीपत्र दाखवलेच नाही; वहीतले नाव दाखवले. एका म्हाताऱ्याने चष्मा लावून आपले नाव तीनदा वाचले. १९९८ सालची नोंद होती. त्याने आत जाऊन वीस रुपये आणले, मग पुन्हा आत जाऊन आणखी तीस आणि एक आणला. “एक्कावन करा. तवा राहिले होते.” देणगी आणि परतफेड यांतला फरक आम्हांला त्या ओसरीवर कळला. मामांचे स्मारक उभे करायला निघालो होतो. ते त्या फुल्यांच्या रूपाने उभे होतेच, आम्ही फक्त पावत्या फाडत होतो.

याच सुमारास ओहायोतून एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. त्याने चाकणच्या भावाकरवी ५,००० रुपये पाठवले होते. त्याने लिहिले होते की तिकडेही हे असेच असते. कोलंबसच्या उत्तरेला डेलावेअर नावाचे गाव आहे, तिथल्या काउंटीच्या जत्रेत १९४६पासून ‘लिटल ब्राउन जग’ ही शर्यत भरते. घोड्यावर स्वार नसतो. तो मागच्या दुचाकी हलक्या गाडीत बसतो. घोड्याने ठरलेली चाल सोडून चौखूर उधळायचे नाही. उधळलाच तर त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते. अशा जत्रांतून गेलेल्या माणसांच्या नावाने शर्यती लावतात, आणि त्यांसाठी दुकानदारांकडे, शेतकऱ्यांकडे, कुटुंबीयांकडे पैसे मागत कोणीतरी हिंडते. “सर, तिथला मागणारा माणूसही तुमच्यासारखाच अवघडलेला असतो,” असे त्याने लिहिले होते.

शेरवुड अँडरसन या ओहायोच्याच लेखकाची ‘आय ॲम अ फूल’ ही कथा आम्हांला त्यावरून आठवली. अशाच शर्यतींत घोड्यांची निगा राखणारा एक पोरगा, एका मुलीवर छाप पाडण्यासाठी, आपण घोड्याच्या मालकाच्या घरचे असल्याचे सांगतो आणि खोटे नाव देतो. ती मुलगी त्याला आवडते, तिलाही तो आवडतो. पण ती पत्र पाठवणार ते खोट्या नावावर. दुसऱ्याच्या घोड्यावर आपले नाव लावण्याची एवढी साधी आणि एवढी कायमची शिक्षा आम्ही दुसरीकडे वाचलेली नाही. प्लॉटवाल्या गृहस्थांना आम्ही दुसऱ्या दिवशी नम्रपणे नकार कळवला. त्यांनी त्याच शर्यतीतले दुसरे बक्षीस स्वतःच्या नावाने दिले. राग धरला नाही. शर्यतीच्या दिवशी जनावरांच्या पाण्याचा टँकरही त्यांचाच होता, हे नोंदवले पाहिजे.

शेवटच्या दिवशी हिशेब केला तेव्हा ४६,७०० झाले होते. उरलेले ४,३०० आम्ही दोघांनी निम्मे निम्मे घातले, आणि रीत म्हणून पावत्याही फाडल्या.

शर्यतीच्या दिवशी उन्हाने घाट तापला होता. निवेदक विशीतला मुलगा होता, मामांना त्याने ऐकलेले नव्हते. आम्ही त्याला देणगीदारांची यादी दिली. रकमा मुद्दाम लिहिल्या नव्हत्या, नुसती नावे आणि गावे. यादी पाहून तो म्हणाला, “एवढी? बाऱ्या व्हायच्या राहतील.” मग त्याने ती तुकड्यातुकड्याने वाचली, प्रत्येक जुंपणीच्या मधल्या वेळेत आठ-दहा. तो अडखळत होता, एक-दोन आडनावे चुकली. एक्कावन्नवाला म्हातारा लिंबाखाली बसला होता. त्याचे नाव आले तेव्हा त्याने मान वर केली नाही, नुसता हात वर केला. पहिला आलेला गाडा शिरूरकडचा, मालक तरुण होता, चषक घेताना त्याने आम्हांलाच विचारले, “हे मामा कोन?” आम्ही सांगू लागलो, तेवढ्यात पुढची बारी सुटली आणि आमचे शब्द त्या गलक्यात गेले.

बक्षीस जाहीर करताना त्या मुलाने ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ हा शब्द एका दमात, ठासून उच्चारला. ध्वनिक्षेपकावरून ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही. छापखान्यातल्या मुलाला आम्ही पुढच्या आठवड्यात उरलेले पैसे द्यायला गेलो तेव्हा त्याला सांगितले, “नाही रे, त्यानं देणगी जास्त येत नाही.” मग त्याच्याकडूनच शंभर पानांची एक कोरी वही बांधून घेतली. मामांच्या वहीत नाव असलेली जी माणसे अजून आहेत, त्यांच्याकडे आम्ही आता दर रविवारी जातो आणि मामा काय बोलत ते आठवेल तसे उतरवून घेतो. सव्वीस पाने झाली आहेत.